खिडकीचं मेडिकल

शाहूपुरीत खिडकीचं मेडिकल कुठं, असं विचारलं तर अजूनही एखादा म्हातारा हात करून दाखवतो. बोर्डावर दुसरंच नाव आहे, पण ते कधी कुणी वाचलेलं नाही, आणि आता तर निम्मा बोर्ड मोबाइलच्या जाहिरातीखाली झाकून गेलाय. इमारत म्हणावी तर एवढीशी. खाली दगडी जोतं, वर मंगळुरी कौलं, रस्त्याकडं तोंड करून दुकान आणि माडीवर दोन-तीन खोल्यांचं घर. आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्या आणि ही त्यांच्या मधोमध, लग्नाच्या पंगतीत आमंत्रण नसलेला पाहुणा बसावा तशी अंग चोरून बसली आहे. पुराचं पाणी आलं तेव्हा काचेवाल्यांनी काचा बदलल्या. हिनं नुसता भिंतीवर पाण्याचा डाग ठेवून घेतला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

याच इमारतीत आप्पासो पाटील जन्मले, इथंच वाढले आणि सत्तरी उलटली तरी इथंच औषधं देत बसले. आता ते दमले आहेत. कशानं दमलात म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. ओझी उचलली नाहीत, उन्हातान्हात राबले नाहीत, खुर्चीवर बसून आयुष्य काढलं. बसून दमलेल्या माणसाची कुणाला कीव येत नाही, आणि आप्पासोंनाही स्वतःची येत नव्हती. लाज मात्र येत होती.

मेडिकल व्हायच्या आधी ही गुळाची वखार होती. शाहूपुरीत तेव्हा गुळाशिवाय दुसरा विषय नसायचा. आप्पासोंचे वडील नेमगोंडा यांनी ती एका अडत्याकडून घेतली, फडताळं ठोकली आणि औषधं मांडली. पण गूळ काही भिंतीतून गेला नाही. पावसाळी हवा धरली की अजूनही दगडांतून गोडसर वास सुटतो आणि मुंगळ्यांची रांग लागते. मुलांच्या खोकल्याच्या बाटल्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करून ठेवाव्या लागतात. असं मेडिकल साऱ्या जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि नाही तेच बरं आहे.

खिडकी त्या अडत्याचीच. शेजारच्या बोळाकडच्या भिंतीत, बाहेरून बघितलं तर कमरेएवढ्या उंचीवर, एक हात जाईल आणि वर थोडी जागा उरेल एवढी. बोळात गाडी लागली की गाडीवान बाहेरूनच गुळाचा खडा आत द्यायचा आणि गादीवर लोळलेला अडत्या तो चाखून दर ठरवायचा. उठायला नको म्हणून ठेवलेली ती सोय. आळसापोटी जन्मली बिचारी. बाहेरच्याला वाकल्याशिवाय आतलं तोंड दिसत नाही, आणि आत बसलेल्याला बाहेरच्याचा फक्त हात दिसतो.

नेमगोंडांनी दुकान मांडल्यावर थोड्याच दिवसांत त्या खिडकीतून एक हात आत आला. हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर क्षयाचं औषध. तेव्हा क्षय म्हटलं की घरातली माणसंसुद्धा तांब्या वेगळा ठेवत. पुढच्या दारी चार माणसांसमोर ती चिठ्ठी काढायची कुणाची छाती होत नव्हती. नेमगोंडांनी चिठ्ठी वाचली, औषध बांधलं, कसं घ्यायचं ते सांगितलं आणि हातावर ठेवलं. हात गेला. मग दुसरा आला. महारोगाची औषधं, बायकांची न सांगण्यासारखी दुखणी, मूल होत नाही म्हणून, मूल नको म्हणून, डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या. गावानं कुणी ठराव केला नाही की बोर्ड लावला नाही, पण ज्याला जे माहीत व्हायला हवं होतं ते झालं. चिठ्ठीशिवाय काही मिळायचं नाही. चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे ते मात्र नेमगोंडा बघायचे नाहीत.

आप्पासो औषधशास्त्राचा डिप्लोमा घेऊन दुकानात बसले, त्या दिवशी वडिलांनी त्यांना खिडकीपाशी बसकं स्टूल दिलं आणि शास्त्रात नसलेलं तेवढं शिकवलं.

“हात दिसतोय न्हवं? मग हाताला औषध द्यायचं. कसं घ्यायचं तेवढं नीट सांगायचं, लोकास्नी वाचता येत न्हाय. त्याच्या म्होरं एक शबुद बोलायचा न्हाय. वळखलास तरी वळखलं न्हाईस.”

आप्पासोंनी ते आयुष्यभर पाळलं. माणसं हातावरून ओळखू येतात हे त्यांना लवकरच कळलं. गुळाच्या काहिलीवर पोळलेले हात, चामड्याच्या रंगानं तांबूस झालेले हात, म्हशीच्या धारा काढून अंगठा फुगलेले हात, पेनानं बोट दबलेले सरकारी हात. सकाळी खिडकीतून औषध नेलेला माणूस दुपारी पुढच्या दारानं डोकेदुखीची गोळी मागायला यायचा. आप्पासो म्हणायचे, बसा पावणं, काय म्हणतोय ऊस, पाऊसपाणी काय म्हणतंय. तोही उसाबद्दलच बोलायचा. त्याच्या बायकोला काय झालंय ते आप्पासोंना ठाऊक असायचं आणि आप्पासोंना ते ठाऊक आहे हे त्याला ठाऊक असायचं. दोघं मिळून उसाची चौकशी करायचे.

साऱ्या गावाची दुखणी पोटात घेऊन हा माणूस बसला होता. बाहेर पडायला वाट नाही. बायकोला सांगायची सोय नाही, मुलाला नाही, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मित्राला नाही. कुणाच्या लग्नाला गेले तर मांडवात निम्मी माणसं आप्पासोंची नजर चुकवायची. लोकांना वाटायचं, आप्पासो अबोल आहेत. अबोल कसले, भरलेले होते.

गेल्या वर्षी दुकानाचा परवाना सुनेच्या नावावर झाला. आदिती त्यांच्या मुलाची, अनेकांतची बायको, औषधशास्त्राची पदवीधर. अनेकांतला दुकानात रस नव्हता, तो नोकरीला जातो. आदितीनं मात्र फडताळं घासली, संगणक आणला, मुंगळ्यांवर उपाय शोधला आणि आप्पासोंना गल्ल्याजवळची खुर्ची दिली. खिडकीशी कसं वागायचं ते तिनंही आप्पासोंकडूनच घेतलं. तिनं ऐकून घेतलं, दोन-चार वेळा प्रश्न विचारले आणि पुढं ते तसंच पाळलं. पण आता खिडकीशी येतंय कोण? असली औषधं लोक मोबाइलवर मागवतात. बंद खोक्यातून घरी येतात, खोक्यावर आत काय आहे हेसुद्धा लिहिलेलं नसतं. खिडकीचं काम आता खोकं करतं.

म्हणून एक दिवस आदितीनं विषय काढला. इन्सुलिनसाठी मोठा फ्रीज घ्यायचा होता आणि त्याला जागा होती ती खिडकीच्याच भिंतीला. पिराजी गवंड्याला विचारून ठेवलंय, खिडकी बुजवायला अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण आण्णांना चालणार असेल तरच, असं ती सासऱ्यांना चाचरत बोलली. तिला वाटलं होतं आप्पासो भडकतील. अनेकांत तर बाजूला उभा राहून तयारीतच होता.

“बुजवा की,” आप्पासो म्हणाले. “कोण येतंय आता तिथं.”

आणि खुर्चीत मागं टेकले. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. भांडले असते तर बरं झालं असतं, असं अनेकांत नंतर आदितीला म्हणाला.

खरं म्हणजे आप्पासोंना तेव्हा खिडकीचंच काय, कशाचंच काही वाटत नव्हतं. पद्मावती, त्यांची बायको, जाऊन आता काही वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा ते रडले, सगळ्यांदेखत रडले, आणि लोक म्हणाले बरं झालं, मोकळं झालं. पण या सालात काहीतरी निराळंच सुरू झालं. झोप पहाटेच्या आधीच मोडायची. भाकरीला चव लागेना. दाढी करायला आरशापुढं उभं राहिलं तरी हात वर न्यायचा कंटाळा. पंचामृताचा अभिषेक बघायला एरवी सगळ्यांच्या आधी जाणारा माणूस बस्तीच्या पायरीवरच बसून परत यायचा. उजवा हात थरथरायचा तो ते धोतराच्या निऱ्यांत लपवायचे. आदितीनं दोनदा विचारलं, आण्णा, बरं वाटत न्हाय का. तर वयाचं हाय, म्हणून त्यांनी उडवून लावलं.

आयुष्यभर दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाचलेल्या माणसाला आपलं दुखणं काय आहे ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी गावातला डॉक्टर टाळला. गावातला प्रत्येक डॉक्टर त्यांना आण्णा म्हणतो. ते सिटी बसनं कळंब्याला गेले, तिथं नव्यानंच पाटी लावलेल्या एका डोक्याच्या डॉक्टरकडं. नाव विचारलं तेव्हा गणपतराव म्हणून सांगितलं, गाव गडमुडशिंगी. डॉक्टर पोरसवदा होता, पण त्यानं घाई केली नाही. सगळं तपासून म्हणाला, शरीराला धाड भरलेली नाही, मन दमलंय, औषधानं उतार पडतो. मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यानं सहज विचारलं, घरी कुणाशी बोलता का. आप्पासोंनी चिठ्ठीसाठी हात पुढं केला.

बसमध्ये त्यांनी चिठ्ठी उघडली. सकाळी एक गोळी, रात्री एक. औषध नवं होतं, पण कुठल्या जातीचं ते ओळखायला त्यांना चष्म्याचीही गरज नव्हती. याच जातीचं जुनं औषध त्यांनी बरीच वर्षं एका हाताला बांधून दिलं होतं. ती आठवण त्यांनी कधी बाहेर काढली नव्हती, आणि बसमध्ये ती आपोआप वर आली.

अनेकांतच्या पाठीवर त्यांना एक मुलगी झाली होती. रांगायच्या आधीच तापानं गेली. औषधाच्या घरातलं लेकरू, औषध नव्हतं म्हणून गेलं असंही म्हणता येईना. पद्मावती रडली नाही. तिनं मुलीची दुपटी घडी करून ठेवली आणि कामाला लागली. भाकऱ्या थापायची, सासूचे पाय चेपायची, विचारलं तेवढं बोलायची. आप्पासोंना वाटलं, सावरली. खरं तर त्यांना विचारायचं होतं, पण काय विचारायचं ते सुचत नव्हतं. त्यांना फक्त औषध कसं घ्यायचं तेवढं बोलता यायचं.

असेच काही महिने गेले. एका दुपारी पद्मावती बस्तीत जाऊन येते म्हणून बाहेर पडली. नेमगोंडा माडीवर झोपलेले, दुकानात आप्पासो एकटे. थोड्या वेळानं खिडकीत हात आला. हिरव्या बांगड्या, आणि मनगटाच्या खाली तव्याचा चटका बसलेला अर्धगोल डाग. तो तवा उतरवताना आप्पासो तिथंच उभे होते, डागावर मलम त्यांनीच लावलं होतं. चिठ्ठी मिरजेच्या डोक्याच्या डॉक्टरची होती. रोग्याचं नाव विठाबाई.

आप्पासोंनी औषध काढलं. पुडी बांधली. वळखलास तरी वळखलं न्हाईस, हे वडिलांचे शब्द त्यांना आठवले आणि ते त्या शब्दांना चिकटून बसले. इतके चिकटून बसले, की आपण ओळखलंय याचा तिला संशयही येऊ नये म्हणून त्यांनी आवाज परका केला आणि म्हणाले, “रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी, निजताना.”

त्यांच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी अन्नाला शिवत नसे. आजही शिवत नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या जैन घरात हेच. चुलीवर रात्रीचं जेवण शिजल्याचं पद्मावतीनं जन्मात बघितलं नव्हतं. एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं त्यांनी तिला सांगितलं.

हात जरा वेळ खिडकीतच राहिला. मग पुडी घेऊन गेला. संध्याकाळी पद्मावतीनं नेहमीसारखं उजेडात ताट वाढलं, आप्पासो नेहमीसारखे जेवले. तो हात पुढं दर महिन्याला यायचा, बरीच वर्षं यायचा. आप्पासो दर वेळी तेच वाक्य त्याच आवाजात म्हणायचे. नवराबायकोत यावर कधीही एक अक्षर झालं नाही. नियम पाळला याचा आप्पासोंना आधी अभिमान वाटायचा. मग नुसतं वाटायचं थांबलं.

पिराजी सकाळी येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी आप्पासो दिवस कलायला लागल्यावर खुर्चीतून उठले. बस्तीत जाऊन येतो, असं आदितीला सांगितलं आणि बाहेर पडले. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागं वळून बोळात शिरले. दुसऱ्या कुठल्या मेडिकलमध्ये जायची सोयच नव्हती. कोल्हापुरातला एकूण एक दुकानदार त्यांना ओळखतो. असं त्यांनी स्वतःला समजावलं. घड्याळ काढून खिशात टाकलं, अंगठी काढली, शर्टाची बाही खाली ओढली. दुकानाची फळी पडून लहानपणी मोडलेली करंगळी मात्र वाकडीच होती. तिचं काय करणार?

बोळात गटाराचा वास आणि लावून ठेवलेल्या मोटारसायकली. आप्पासोंनी चिठ्ठी पुढं करून खिडकीच्या लाकडावर टकटक केलं. आत स्टूल ओढल्याचा आवाज झाला. चिठ्ठी हातातून गेली.

या खिडकीच्या अलीकडं ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. इथून काही दिसत नाही. थोडासा अंधार दिसतो आणि फडताळाची कड. आत बसणाऱ्याला वाटतं, बाहेरचा लपायला आलाय, कधी एकदा सुटतो असं त्याला झालंय. बाहेर उभं राहिल्यावर कळलं, की बाहेरच्याचा सगळा जीव कानात आलेला असतो. खण उघडल्याचं ऐकू येतं, कात्रीनं पट्टी कापल्याचं ऐकू येतं, आणि आतला माणूस आता काय बोलतो याची वाट बघत हात तिथं पडलेला असतो.

आणि मग आप्पासोंना एवढ्या वर्षांनी साधी गोष्ट दिसली. पद्मावतीला शाहूपुरीच्या पलीकडं कोण ओळखत होतं? डॉक्टरला दाखवायला ती मिरजेपर्यंत गेली, तिथंच दारात औषधाची दुकानं होती. लक्ष्मीपुरीत होती, स्टँडवर होती. ती या खिडकीशी आली, नवरा एकटा बसलाय ती वेळ साधून आली, आणि बांगड्या काढून किंवा पदर ओढून डाग झाकायचंसुद्धा तिनं मनात आणलं नाही. ती लपायला आली नव्हती. कुणीतरी विचारावं म्हणून आली होती. दर महिन्याला, बरीच वर्षं. आप्पासोंना तिथंच भिंतीला टेकावं लागलं.

आत चिठ्ठी पुन्हा एकदा उलगडल्याचा आवाज झाला. मग खिडकीत आदितीचा हात आला, कागदी पाकीट धरलेला.

“ही सकाळी, न्याहारी झाल्यावर,” ती म्हणाली. आवाज कुणालाही बोलावं तसाच होता. “आणि ही रात्रीची म्हणून लिहिलीय. पण ही दिवस मावळायच्या आत घ्यायची, जेवणाबरोबर. वर ताट झाकून ठेवलंय.”

कसं घ्यायचं तेवढंच ती बोलली होती. नियमाच्या बाहेर एक शब्द गेली नव्हती. एवढं एक वाक्य त्यांना तेव्हा बोलता आलं असतं. पद्मावतीला तेवढं पुरलं असतं.

पाकीट हातात आलं तरी आप्पासोंना हात मागं घेता येईना. तो खिडकीच्या लाकडावर उघड्यानं थरथरत पडला होता आणि आदितीही आतून काही हलली नव्हती. डोळ्यांतलं पाणी त्यांनी दुसऱ्या हाताच्या बाहीला पुसलं. त्या खिडकीतून बाहेरचा माणूस कधी आतल्याशी बोललेला नव्हता. औषध घ्यायचं आणि जायचं, एवढीच रीत.

“लई दमलोय गं पोरी,” आप्पासो म्हणाले.

“व्हय आण्णा,” आतून आवाज आला. “दिसतंय की. या आत.”

कौलांवर अजून ऊन होतं. आप्पासो बोळातून बाहेर आले, पुढच्या दारानं दुकानात शिरले. दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांनी रामराम केला. पाकीट खिशात घालायचं आप्पासोंच्या लक्षातही आलं नाही. ते तसंच हातात धरून ते माडीचा जिना चढले.